टॅक्स धरून दोनशे

किसुमू शहरातल्या एका दुकानात रांगेत माझ्यापुढे सुकी मासळी विकणाऱ्या अतिएनो मावशी तेलाची बाटली घेऊन उभ्या होत्या. गल्ल्यावर चेबेत नावाची पोरगी होती.

"दोनशे बत्तीस शिलिंग झाले, मावशी."

"फळीवरच्या लेबलवर लिहिलंय, टॅक्स धरून दोनशे. तूच चिकटवलंस ना?"

"मीच. पण नव्या मशीनमध्ये मालकांनी तोच भाव टॅक्स सोडून म्हणून भरलाय. मशीन वरून पुन्हा टॅक्स लावतं."

"म्हणजे एका बाटलीवर मी दोनदा टॅक्स भरायचा?"

"मला बदलता येत नाही हो. मालकांना फोन लावते, तोवर जरा बाजूला व्हा."

"मी का बाजूला होऊ? मासळीचा डबा गिऱ्हाइकाच्या पिशवीत ओतल्यावर मी भाव वाढवला, तर बाजारात मला कोण बसू देईल?"

"मागे रांग खोळंबलीय, मावशी."

"खोळंबू दे."

मावशी फळीकडे गेल्या, लेबल उपटून आणलं आणि दोनशेच्या नोटेसकट गल्ल्यावर ठेवलं.

"लेबल खोटं की मशीन, ते तुझ्या मालकाला इथे येऊन सांगू दे. मी थांबते."

माझ्या मागून एक म्हातारबाबा म्हणाले, "थांबाच, मावशी. मी साबणाचं लेबल घेऊन येतो."