डाव्या कानात पाच थेंब

...आणि वर सासरे मलाच म्हणतात, "वरून तर टाकायचंय, त्यात काय एवढं!" अहो, काय एवढं म्हणजे? एकोणीस वर्षं क्रेन चालवतोय मी, चाळीस फुटांवर, एका काचेच्या डब्यात बसून, खाली माणसं मुंगीएवढी, हुकाला चार टनांची पोलादी गुंडाळी लटकलेली, आणि त्या एकोणीस वर्षांत माझ्या हातून कुणाच्या चपलेला धक्का लागलेला नाही! आणि तो मी, तुम्हाला सांगतो, तो मी अडकलो कशात? तर एका करंगळीएवढ्या बाटलीत! कानाच्या थेंबांच्या बाटलीत!

झालं असं की आमचा जो सिग्नलवाला आहे ना, खाली उभा राहून मला हाताने इशारे करणारा, मूठ वळली की थांब, बोट वर फिरवलं की उचल, तो एका बुधवारी शिडी चढून थेट वर केबिनमध्ये आला. घामाघूम! म्हणाला, "दादा, वॉकी-टॉकीवर तीनदा ओरडलो, थांबा थांबा थांबा, आणि तुम्ही आपले चाललाय पुढे! शेवटी दोन्ही हात वर करून नाचलो तेव्हा थांबलात. तुमचा कान गेला काय?" मी म्हटलं, छे, कान कसा जाईल, आवाज खराब असेल यंत्राचा. पण तो खाली उतरला आणि मी वॉकी-टॉकी डाव्या कानाला लावून पाहिला... काही नाही. उजव्याला लावला, तर हा बडबड करतोय! झाली का पंचाईत! कारण पुढच्याच मंगळवारी अकरा वाजता आमची वर्षाची तपासणी. डोळे, रक्तदाब, आणि कान! कानात नापास झाला की क्रेनवरून खाली. खाली म्हणजे गोदामात, खिळ्यांच्या पेट्या मोजत. आमच्यातला एक गेलाय तसा. परवा भेटला तर म्हणाला, "बरं चाललंय." पण मान वर करून क्रेनकडे असा बघत होता, की मला त्याच्याकडे बघवेना.

गुरुवारी सकाळी बायकोला घेऊन कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी दिवा लावून आत डोकावलं आणि म्हणाल्या, "अरे बापरे!" डॉक्टरांनी अरे बापरे म्हणू नये हो! असा कायदाच हवा! म्हणाल्या, "मळ आहे. दगड झालाय नुसता. सकाळ-संध्याकाळ पाच-पाच थेंब टाका, पाच दिवस, मऊ होईल, मंगळवारी संध्याकाळी पाचला या, धुऊन काढते." मी म्हटलं, बाई, मंगळवारी सकाळी नाही जमणार? नऊ वाजता? त्या म्हणाल्या, "सकाळी शस्त्रक्रिया असतात माझ्या." तपासणी अकराला आणि कान मोकळा होणार पाचला! सहा तास! फक्त सहा तासांसाठी माझं घोडं अडलं! मग त्या लिहिता लिहिता आणखी काहीतरी बोलल्या, पण त्या बसल्या होत्या माझ्या डावीकडे. मी "हो हो" म्हटलं. माणूस म्हणतो ना हो हो.

घरी आलो तर सासरे दारातच. आमचे सासरे आमच्याकडेच असतात, आणि औषधाच्या बाबतीत त्यांना सगळं कळतं. त्यांच्या कवळीने हिरड्या सोलवटतात, तोंडात फोड येतात, त्यावर दाताच्या डॉक्टरांनी जेल दिलंय, ते लावलं की तोंड बधिर होतं. डॉक्टर म्हणाले होते हरभऱ्याच्या डाळीएवढं लावा. हे लावतात बोटभर! का? तर, "वरून तर लावायचंय, त्यात काय एवढं! पोटात थोडंच घेतोय?" आणि मग लगेच चहा प्यायला बसतात. त्या दिवशी काय झालं, अर्धा चहा शर्टावर, आणि गालाचा आतून चावा घेतलाय, रक्त आलंय, यांना पत्ता नाही! मी म्हणतोय, "अहो, रक्त!" आणि हे बोबडे बोलतायत, "कुथं? कुथं?"

तर अशा माणसाचा सल्ला मी ऐकला. काय सांगू तुम्हाला, वेळच तशी होती! ते म्हणाले, "जावईबापू, पाच दिवसांचं काम तीन दिवसांत करायचं असेल तर दुप्पट टाका, तपासणीआधीच मळ आपोआप गळून पडेल. वरून तर टाकायचंय!" मला पटलं. साधा हिशेब वाटला हो तो. गंजलेल्या नटाला आपण काय करतो? तेल सोडतो. नाही हलला तर आणखी सोडतो. म्हणून मी पाचाचे दहा केले. दिवसातून दोनदाचं चारदा केलं. जेवणाच्या सुट्टीत बाकावर आडवा होऊन, डावा कान आभाळाकडे, सिग्नलवाला वरून थेंब टाकतोय आणि मोजतोय, "आठ... नऊ... दादा, बाहेर यायला लागलं!" येऊ दे म्हटलं! शनिवारी बाटली संपली. दुकानात गेलो, तो औषधवाला कागद बघत म्हणाला, "पाच दिवसांची बाटली तिसऱ्याच दिवशी संपली?" मी म्हटलं, सांडली. त्याने दुसरी दिली. "असू दे," म्हणाला, "वरून तर टाकायचंय."

आणि रविवारी सकाळी उठलो तर डावी बाजू बंद! आधी निदान दाराआडून बोलल्यासारखं काहीतरी यायचं, आता दारच नाही, भिंत! मी बायकोला हाका मारतोय, "अगं, कान गेला माझा!" ती शांतपणे म्हणते, "जाईल कुठे? डॉक्टरीणबाई म्हणाल्या नव्हत्या का, थेंबांनी मळ फुगतो, सुरुवातीला जास्तच बंद होईल, जास्त थेंब टाकू नका, घाबरू नका? तुम्ही हो हो म्हणालात की!" आता बोला! ज्या कानाबद्दलची सूचना, ती त्याच कानात सांगतात? मी कुणावर चिडू? सोमवारी सुट्टी टाकली, कारण तशा कानाने वर चढणं म्हणजे खालच्यांच्या जिवाशी खेळ. तेवढी लाज आहे मला. पण तपासणीत सांगायचं की मळ आहे? छातीच झाली नाही. एकदा कागदावर 'कान' हा शब्द चढला की तो उतरत नाही, असं आमच्यात सगळे म्हणतात.

मंगळवार, अकरा. कान तपासायची खोली म्हणजे एक कपाटच, आतून स्पंज लावलेलं, आणि समोर हातभर काच. काचेपलीकडे तपासणारा बसलेला, पांढऱ्या कोटातला, तिशीतला असेल, यंत्राला तोंड करून, माझ्याकडे अर्धी पाठ. म्हणाला, "आवाज आला की बटण दाबायचं. कितीही बारीक असू दे." आधी उजवा कान. पीं... दाबलं. पीं... दाबलं. मजेत! मग म्हणाला, "आता डावा." आणि शांतता. तुम्हाला सांगतो, एकोणीस वर्षांत एवढी शांतता मी ऐकली नव्हती! अंगठा बटणावर, घाम मानेवरून खाली, आणि डोळ्यांसमोर त्या खिळ्यांच्या पेट्या. सुरू झालं असेल का? पहिला आवाज होऊन गेला असेल का? दोन झाले असतील का?

आणि तेवढ्यात मला त्याचं कोपर दिसलं.

अहो, तो आवाज सोडायला यंत्राची कळ दाबायचा ना, तेव्हा त्याचं कोपर असं एवढंसं, नखभर, बाहेर यायचं! आणि मी कोण? चाळीस फुटांवरून, धुळीतून, उन्हातून, खालच्या माणसाचं बोट वाचणारा माणूस मी! मला तर ते कोपर म्हणजे पाटीवर लिहिल्यासारखं वाचता आलं. हललं कोपर, दाबलं बटण. हललं, दाबलं. चुकीचं आहे हे कळत होतं, मनात कुठेतरी टोचत होतं, पण संध्याकाळी पाचला कान मोकळाच होणार आहे की! मी फक्त सहा तास उसने घेत होतो! हललं, दाबलं. मग एकदम कोपर जोरात हलायला लागलं. खसखस खसखस! मी म्हटलं, काय सपाटा लावलाय यानं! शेवटी शेवटी भरभर देत असतील. मीही सोडलं नाही. टक टक टक टक! एकसुद्धा चुकवला नाही! म्हटलं, घ्या! आहे कुणाचा असा कान?

तो बाहेर आला, हातात यंत्रातून निघालेला कागद. कागदाकडे बघतो, माझ्याकडे बघतो. परत कागदाकडे. मला म्हणतो, "काका, डाव्या कानात मी चौदा आवाज दिले."

मी म्हटलं, "हो, मिळाले."

"तुम्ही एकतीस वेळा बटण दाबलंत."

तो म्हणाला, "वरचे सतरा कुणी दिले?" आणि असं म्हणत म्हणत त्याने बाही वर सरकवली आणि कोपराच्या आतल्या बाजूला कराकरा खाजवलं! आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अहो, तो खाजवत होता! सतरा वेळा तो खाजवत होता आणि सतरा वेळा मी ते ऐकत होतो!

आणि बघतो तर काय, हा भला मोठा नायटा! गोल, लाल, कडा पसरलेल्या. मला राहवेना. माझी अख्खी नोकरी त्या कागदावर लटकलीय आणि माझ्या तोंडून काय निघावं? "काय लावताय याला?" तो म्हणाला, "मेव्हण्याने एक मलम दिलंय. दोन दिवसांत खाज थांबते, मग परत येते, मग परत लावतो. वरून तर लावायचंय..." मी ओरडलोच त्याच्यावर! "त्यात काय एवढं म्हणू नका! खबरदार! गेल्या वर्षी मला झाला होता, केबिनच्या खुर्चीत घाम येऊन येऊन, मीही असंच कुणाचं तरी मलम फासलं, आणि कातडीच्या डॉक्टरांनी मला उभा-आडवा घेतला! असली खाज पटकन थांबवणारी मलमं नायट्याला नुसतं झाकतात, आत तो पसरतो! डॉक्टरांना दाखवा, ते देतील ते लावा, डागाच्या कडेच्या बाहेरपर्यंत लावा, आणि डाग गेला तरी सांगतील तितके दिवस लावत राहा! दुसऱ्याचं औषध स्वतःच्या अक्कलहुशारीने..." आणि बोलता बोलता माझाच आवाज खाली आला. कारण मी हे कुणाला सांगत होतो? सहा दिवसांत दीड बाटली कानात ओतलेला माणूस!

मग मी मुकाट्याने सांगून टाकलं. मळ, थेंब, पाचची वेळ, त्याचं कोपर, सगळं. तो कपाळावर हात मारून घेत म्हणाला, "अहो काका, मळ असला तर आम्ही तपासणी करतच नाही! दारावर पाटी आहे. आठ दिवसांनी परत बोलावतो. नोकरी कशाला जाईल कुणाची?" पाटी होती हो! ही एवढी मोठी! मी आत जाताना मान खाली घालून गेलो होतो.

म्हटलं, मग फाडा तो कागद. तो म्हणाला, "यंत्रात चढलंय सगळं, प्रत्येक दाबणं वेळेसकट. वर आमच्या मोठ्या बाईंना दिसतं ते." आता आम्ही दोघंही अडकलो. मी कोपर बघत होतो म्हणून सांगावं, तर मी तपासणीत लबाडी केली म्हणून घरी. त्याने सांगावं, तर तो पेशंटला दिसेल असा बसला म्हणून त्याची चौकशी. तो खाजवतोय, मी बघतोय.

पाचला डॉक्टरीणबाईंनी कान धुतला. वाटाण्याएवढा तुकडा पडला ताटलीत, आणि जग असं धाडकन आत आलं की मी दचकलो! पंख्याची कुरकुर, बाहेरची चप्पल, बायकोचा सुस्कारा. डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या, खोटं कशाला सांगू? आठ दिवसांनी परत तपासणी, माझ्याकडे पूर्ण पाठ करून बसला होता तो, आणि मी चौदापैकी चौदा ऐकले! डावा कान पास! उजवा पास! नुसतं क्रेनवर चढायचं बाकी!

पण मोठ्या बाईंनी तो पहिला कागदही पाहिला. आणि त्यावर स्वतःच्या हाताने लिहिलं, 'कान उत्तम. मात्र न झालेले सतरा आवाज ऐकू आले. क्रेनवर पाठवण्याआधी मनोविकारतज्ज्ञांना दाखवावे.'

येत्या सोमवारची वेळ मिळालीय. तोवर मी खाली, खिळ्यांच्या पेट्यांपाशी. सासरे म्हणतात, "जाऊन या, नुसते प्रश्न तर विचारणार, त्यात काय एवढं!" अहो, पण पहिला प्रश्न काय असतो माहितीये का त्यांचा? 'आवाज ऐकू येतात का?' आता तुम्हीच सांगा, मी काय उत्तर देऊ? नाही म्हणावं तर बहिरा... आणि हो म्हणावं तर वेडा!