स्टिअरिंगमधला टक्

...नाही, पण आवाज आहे म्हटल्यावर आवाज आहे ना? मी काय उगाच बोलतोय? पंचवीस वर्षं एव्हरशाईन सिटीत गाण्याचे क्लास घेतोय, तिसऱ्या रांगेतल्या मुलीचा निषाद जरा उतरला तरी मला चहा पिता पिता कळतं, आणि माझ्याच गाडीचं स्टिअरिंग डावीकडे वळवलं की टक् करतं, हे मला कळणार नाही?

तुम्हाला सांगतो, मनवेलपाड्यातल्या एका खड्ड्यातून गाडी काढली आणि ते सुरू झालं. बायको, म्हणजे आमची तेजस्वी, म्हणाली की तुमच्या चपलेचा असेल. मी चप्पल काढून चालवली. टक्. हायवेवरच्या मोठ्या सर्व्हिस सेंटरात नेली, तिथे मितेश नावाचा इस्त्रीचा शर्ट घातलेला मुलगा, त्याने एसी लावून एक चक्कर मारली आणि म्हणाला, सर, नॉर्मल आहे. नॉर्मल! गेटबाहेर पडलो, डावीकडे वळलो... टक्. पुन्हा नेली, तेव्हा कुठे त्याला ऐकू आलं, तर म्हणतो अख्खा स्टिअरिंग कॉलमच, म्हणजे स्टिअरिंगखालचा सगळा दांडाच बदलावा लागेल, पार्ट यायला तीन आठवडे, तोवर चालवा बिनधास्त. आणि आम्हाला दोन दिवसांनी जव्हारच्या घाटातून नाशिकला जायचं, तेजस्वीच्या बहिणीकडे, दोन्ही मुलींना घेऊन.

शेवटी शेजारचे हरेश्वरभाऊ म्हणाले, सांडोरला पास्कल आहे, त्याला दाखवा. तेजस्वीला घेऊन गेलो. केळीच्या वाडीत घर, घरापुढे पत्र्याची शेड, शेडमध्ये साठीचा एक माणूस बनियनवर उभा. मी त्याला आवाज नीट समजावून सांगितला. म्हटलं, साधारण पेटीच्या काळी दोनच्या सुराच्या आसपास आहे, पण किंचित चढा, आणि मागे थोडी आस, म्हणजे गुंजन, राहते. तो माझ्या तोंडाकडे शांतपणे बघत राहिला. तेवढ्यात त्याची बायको रोझलीन दारात आली आणि म्हणाली, "गाऊन नका दाखवू. त्याला ऐकू येत नाय. वीस वर्षं बोटीच्या इंजिनात काढली, कान तिथेच गेले. ओठ बघून कळतं त्याला."

आता सांगा, आवाज शोधायला मी माणूस कुठला गाठला, तर बहिरा! मी तेजस्वीला हळूच म्हटलं, चल निघू. पण ती तोवर त्याला चावी देऊनही मोकळी झाली होती.

आणि मग तुम्हाला सांगतो, मी जे बघितलं ना... इंजिन बंद. पास्कलने दोन बोटं स्टिअरिंगवर ठेवली आणि अर्धा इंच इकडे, अर्धा इंच तिकडे, डोळे मिटून. आमचे गुरुजी तानपुरा लावताना असे डोळे मिटायचे. मग तळहात कॉलमच्या कव्हरवर. मान हलवली. मग पेडलपाशी उताणा शिरला, पाय दाराबाहेर, आणि तेजस्वीला खुणेने सांगितलं, तू हलव. मला नाही, तिला. ती हलवते, तो आत चाचपतो, मी बाहेर उभा, आणि स्टिअरिंग म्हणतंय टक्... टक्...

बाहेर येऊन म्हणाला, "वर काय नाय. खाली हाय."

त्याने माझा हात धरला आणि आत नेऊन बोट एका जागेवर टेकवलं. स्टिअरिंगचा दांडा खाली उतरतो तिथे एक जोड, जोडाला एक बोल्ट. तेजस्वीने स्टिअरिंग हलवलं आणि तो टक् माझ्या बोटाला लागला. दीड महिना जो मी नुसता ऐकत होतो, तो तिथे होता. पास्कलने पानाही घेतला नाही. बोटांनी तीन फेरे दिले, बोल्ट काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

मी विचारलं, हा घाटात निघाला असता तर?

"स्टिअरिंग फिरलं असतं," तो म्हणाला. "चाकं नाय."

तेजस्वी तिथेच पायरीवर बसली. रोझलीनने तिला पाणी आणून दिलं.

त्याने टॉर्च लावून जोडाचे दाते एकेक बोटाने तपासले, चांगले निघाले. नवा बोल्ट घातला, मोजून आवळला आणि त्यावर पिवळ्या रंगाची रेघ ओढली, ही रेघ सरकलेली दिसली तर त्याच मिनिटाला ये म्हणाला. मग सांडोरच्या गल्ल्यांतून चक्कर. तो अनवाणी शेजारी बसला, तळहात डॅशबोर्डवर. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. काही नाही. अहो, इतकी स्वच्छ शांतता मी मैफिलीतसुद्धा ऐकलेली नाही. मी त्याला वाकून नमस्कार केला. आयुष्यभर कान, कान करत आलो आणि हा माणूस बोटांनी ऐकतो.

इथवर सगळं छान होतं. मग त्याने विचारलं, गाडी उभी असताना स्टिअरिंग गरगर कोन फिरवतं? त्यानं सगळ्या जोडांवर जोर येतो. मी म्हटलं, कधीतरी होतं. त्याने माझ्या ओठांकडे निरखून बघितलं आणि म्हणाला, पुन्हा बोल. ओठ वाचणाऱ्यापुढे खोटं बोलणं फार अवघड हो. मी म्हटलं, रोज. पार्किंगमध्ये.

त्याने चावी तेजस्वीच्या हातात दिली. "घाटात तू चालव."

आता त्या घाटाला चार महिने झाले. चावी काही परत आलेली नाही. पुढे तिच्या शेजारी थोरली बसते. मागची सीट वाईट नाहीये तशी... पाय पसरता येतात.