सतराव्या क्रमांकाची साक्ष

शिक्षिका : पण अहवालातून सतरा नंबरचीच साक्ष का काढलीत?

वकील : बाई, अहवाल फार फुगलाय. उद्या राजधानीत समितीपुढे तीनशे पानं ठेवली तर वाचायला कोण बसलंय?

शिक्षिका : मग दुसरी कुठलीही काढा. आपल्या आघाडीनं सहा जिल्हे पालथे घालून चाळीस साक्षी गोळा केल्या. ही लिहून घेताना माझा हात थांबला होता.

वकील : तेच म्हणतोय. तिच्यात भावनाच जास्त. आपली मागणी काय? राजधानीबाहेरच्या कोर्टांतही वेळेत निकाल लागावेत. त्याला आकडे लागतात, अश्रू नाही.

शिक्षिका : त्या बाईची चार वर्षांची मुलगी नवऱ्यानं उचलून नेली. ताब्याचा दावा नऊ वर्षं चालला. शेवटी न्यायाधीशांनी पोरीला विचारलं, तर ती म्हणाली, ‘या बाईंना मी ओळखत नाही.’ यात भावना कुठे आली? घडलं ते एवढंच.

वकील : कागद तपासल्याशिवाय छापता येत नाही.

शिक्षिका : तपासले. म्हणून तर दार लावून घेतलं.

वकील : अच्छा.

शिक्षिका : बाहेर काय बघताय? पस्तीस वर्षं शिकवलंय मी. गृहपाठ न केलेलं पोर असंच खिडकीबाहेर बघतं. कोर्टातून नकला आणल्यात. एकोणचाळीस तारखा पडल्या. त्यातल्या तेवीस नवऱ्याच्या वकिलानं मागून घेतल्या. अर्जाखाली सही कोणाची?

वकील : माझी.

शिक्षिका : ऐकू नाही आलं.

वकील : माझी आहे, बाई! अशील म्हणाला, लांबवा. जितकं लांबेल तितकी पोर माझ्याकडे रुळेल. मी लांबवलं. सगळेच लांबवतात.

शिक्षिका : सगळ्यांनी आघाडी नाही काढली. हा एक अर्ज वाचा.

वकील : नको.

शिक्षिका : मग मी वाचते. ‘वकील तापानं अंथरुणाला खिळले असल्यामुळे पुढची तारीख मिळावी.’ दिवस ओळखलात? त्या दिवशी वाचनालयाच्या सभागृहात आघाडीची पहिली सभा होती. तुम्ही दोन तास बोललात. कोर्टाची पायरी झिजते त्याच्या आधी माणूस झिजतो, म्हणालात. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या.

वकील : धरणीनं पोटात घेतलं तर बरं होईल.

शिक्षिका : धरणीला दुसरी कामं आहेत.

वकील : मी अध्यक्षपदाचा राजीनामा देतो. प्रकृतीचं कारण सांगतो...

शिक्षिका : पुन्हा प्रकृती?

वकील : मग काय करू? नाव छापलं तर सहा जिल्ह्यांच्या कामावर बोळा फिरेल. लोक म्हणतील, लोकां सांगे ब्रह्मज्ञान—

शिक्षिका : —आपण कोरडे पाषाण. म्हणू देत, खोटं थोडंच आहे? मला वेगळीच काळजी आहे. ती बाई बाहेर बसलीये. साक्षीवर सही करायला मीच बोलावलं होतं. ‘तुमची साक्ष काढून टाकली’, हे तिला कोण सांगणार?

वकील : ती मला ओळखेल?

शिक्षिका : तिलाच विचारा. या ताई, आत या.

(शिवणकाम करणारी बाई आत येते. खुर्ची पुढे केली तरी बसत नाही.)

शिवणवाली : नमस्कार, वकीलसाहेब. केस पिकले की तुमचे.

वकील : म्हणजे... ओळखलंत.

शिवणवाली : नऊ वर्षं तुमची पाठ पाहिली मी. काळ्या कोटाची डाव्या खांद्याची शिवण उसवलेली असायची. हाताला सवय ना. वाटायचं, सुई आणली असती तर चार टाके घालून दिले असते.

वकील : आणि तरी आमच्याकडेच साक्ष द्यायला आलात?

शिवणवाली : दारावरच्या पाटीवर तुमचं नाव वाचून दोनदा परत गेले. तिसऱ्यांदा म्हटलं, हा माणूस हे काम करतोय, म्हणजे आत काहीतरी टोचत असेल. मी सांगत होते तेव्हा तुम्ही पलीकडच्या खोलीत होता. दार उघडं होतं. मी जरा मोठ्यानंच सांगितलं.

वकील : ऐकू आलं होतं.

शिवणवाली : मग आला का नाहीत?

वकील : फोन कानाला लावून बसलो. फोन कोणाचाच नव्हता.

शिवणवाली : बरं.

वकील : ताई, माफी मागायला मला तोंड नाही. तुमची साक्ष जाईल. तारखा कोणी मागितल्या, तेही नावासकट जाईल. उद्या समितीपुढे मी स्वतः वाचीन. तापाचा अर्जसुद्धा.

शिक्षिका : वाचताना आवाज बसला तर?

वकील : तर पुन्हा पहिल्यापासून वाचीन. आणि अध्यक्ष आता तुम्ही व्हा, बाई. मला सतरंज्या घालायला ठेवा. ठेवावंसं वाटलं तर.

शिक्षिका : ते परत आल्यावर बघू.

वकील : ताई, एक विचारू? मुलगी आता कुठे असते?

शिवणवाली : निकालानंतर बापलेक गाव सोडून गेले. पत्ता तुमच्याकडे असेल, असं वाटलं होतं मला.