ताईच्या गोळ्या

ताई : म्हणजे जगातल्या सगळ्यांच्या बहिणी चालतील, फक्त तुझी नको?

धाकटा : तसं नाही, ताई. माझ्याच प्रयोगात माझीच बहीण घेता येत नाही.

ताई : ते मी विचारून आलेय. तुझ्या हाताखालच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, निवड दुसरी मंडळी करतात, आणि त्यात मी बसते. फक्त किडनी ज्यानं दिली त्याच्याच हाडातली मज्जा लागते. ती तुझ्याकडे.

धाकटा : मला न विचारता तिनं तुला...

ताई : तिला बोलू नकोस. मीच खनपटीला बसले.

धाकटा : अगं, किडनी छान चाललीय. माझी मज्जा घातली की तुझं शरीर ती आपली मानेल आणि गोळ्या लागणार नाहीत, हा आमचा अंदाज. गोळ्या थांबवल्या आणि शरीरानं ती परकी मानली, तर? प्राण्यांत जमलंय हे. माणसांत आत्ता कुठे सुरुवात आहे.

ताई : किडनीची चौकशी तू अशी करतोस, जणू पोरगं शिकायला ठेवलंय माझ्याकडे. कधी मी कशी आहे तेही विचार की.

धाकटा : कशी आहेस?

ताई : हा हात बघ. शिवणकाम करणारी बाई मी, आणि सुईत दोरा ओवता येत नाही. गिऱ्हाईक समोर उभं असतं आणि माझ्या हातातली टेप थरथरते. कापड कापायला दुसरीला बोलवावं लागतं.

धाकटा : गोळ्यांमुळे होतं ते. डोस अजून थोडा कमी केला तर...

ताई : तेही करून झालं. साखर या गोळ्यांनीच वाढली, मानेवरची गाठही त्यांच्यापायीच काढावी लागली. तक्रार नाही हं माझी, त्यांच्यावरच जगलेय. पण किडनी दिलीस तेव्हा कॉलेजात होतास तू. शुद्धीवर आलास आणि म्हणालास, "ताई, या गोळ्या मी एक दिवस बंद करीन." उभा जन्म त्यात घातलास. सूनमुख बघायचं म्हणत म्हणत आई गेली. आता दार उघडायची वेळ आली, तर कडी धरून का बसलास?

धाकटा : भीती वाटते म्हणून. परक्या माणसाला मी धोका आकड्यांत सांगतो. तुला सांगताना जीभ जड होते.

ताई : मग त्यांना सांगतानाही होऊ दे की जराशी जड.

धाकटा : किडनी गेली तर डायलिसिस. दुसरी मिळेलच असं नाही.

ताई : ऐकलं. समजलं. मज्जा देतोस?

धाकटा : देतो.

(वर्ष उलटून गेलं आहे. डायलिसिसची खोली. ताई खाटेवर, शेजारी यंत्र चालू.)

ताई : असा तोंड पाडून येऊ नकोस रे. पलीकडच्या बाईंना वाटतं, मी शेवटच्या घटका मोजतेय.

धाकटा : मी नाहीच म्हणायला हवं होतं.

ताई : मग जन्मभर अबोला धरला असता मी. अख्खा उन्हाळा माझा हात स्थिर होता, ठाऊक आहे? काजं स्वतः केली. एक टाका वाकडा नाही.

धाकटा : आणि आठवड्याभरात सगळं हातचं गेलं.

ताई : गेलं. तू जिन्यात उभा राहून रडलास, ते मी पाहिलं नाही असं समज. बाकीच्यांचं काय झालं ते सांग.

धाकटा : काम थांबवलं होतं आम्ही. तुझं जपून ठेवलेलं रक्त पुन्हा तपासलं. किडनी बिघडायच्या बऱ्याच आधी त्यात एक खूण उमटली होती. तेव्हा आम्हाला ती ओळखता आली नाही. आता ती दिसली, की लगेच गोळ्या परत सुरू करतो.

ताई : दिसली कुणात?

धाकटा : एका मुलीत. आईची किडनी आहे तिला. वेळेवर कळलं, वाचली किडनी. आणखी दोघं आहेत, ती अजून गोळ्यांशिवाय चाललीत.

ताई : काय करते मुलगी?

धाकटा : शिकतेय. परवा विचारत होती, ही तपासणी आधीपासून का नव्हती म्हणून.

ताई : काय सांगितलंस?

धाकटा : काहीच नाही. रोगी कोण ते सांगायची परवानगी नसते. पण तू हो म्हणालीस, तर सांगता येईल.

ताई : नको. कोवळं पोर ते, माझं ओझं तिच्या डोक्यावर कशाला? ती उशी जरा वर सरकव. आणि बस आता, या यंत्राला अजून वेळ आहे.