सरांचा सगळ्यात गाजलेला पेपर

…नाही नाही, बसा हो, त्या खुर्चीवरचे गठ्ठे खाली ठेवा — गौरवग्रंथ म्हणालात ना, सरांचा, पुरस्कार मिळाला म्हणून? आणि त्यात मी चार शब्द लिहायचे, चांगले. लिहीन की. पण आधी ऐका, मग काय छापायचं ते तुम्हीच ठरवा. सरांच्या हाताखाली लागले तेव्हा मी तुमच्याएवढीच असेन — नवजात बाळांच्या काविळीवर काम, अर्ध्या बाळांना सरांचं नवं औषध द्यायचं, अर्ध्यांना नाही, रोज सकाळी वॉर्डात जायचं, एवढ्याशा टाचेतून रक्त घ्यायचं, शेजारी आई रडतेय, आपण नळी भरतोय. आणि भरली की नळी लगेच काळ्या कागदात गुंडाळायची. का? तर काविळीचं जे पिवळं असतं ना रक्तात, ते उजेडात विरून जातं. नळी उन्हात राहिली की आकडा आपोआप उतरतो, बाळ मात्र होतं तेवढंच पिवळं. एवढी साधी गोष्ट.

पण सरांना घाई, परिषद तोंडावर आलेली. माझी आई आजारी म्हणून मी घरी गेले. बिनऔषधाच्या बाळांच्या नळ्या मी आधीच कागदात गुंडाळून ठेवल्या होत्या, आणि औषध दिलेल्या बाळांच्या नळ्या या माणसाने ठेवल्या उघड्या, खिडकीत. झालं. औषधाने कावीळ उतरते म्हणे, वाजवा टाळ्या. परत आल्यावर मी सांगितलं, सर, हे औषध नाही, हे ऊन आहे. तर म्हणाले, ‘तुला जरा आरामाची गरज आहे.’ संशोधनाच्या मासिकात पेपर छापून आला. माझं नाव कुठे? शेवटी, आभारात, फ्रीज दुरुस्त करणाऱ्याच्या खाली — आणि त्याचं तरी आडनाव बरोबर छापलं होतं.

तेव्हाच ठरवलं, याला सोडायचं नाही. मासिकाला लिहिलं, हा पेपर मागे घ्या — तर ते मासिकच बंद पडलेलं. बरं, म्हटलं, मग आता मी जे जे लिहीन त्यात यांचं पितळ उघडं पाडीन. पहिला संदर्भ यांचाच — यांनी नळ्या उजेडात ठेवल्या, यांचा निष्कर्ष चूक. दर पेपरात. विद्यार्थ्यांनाही तीच शिस्त लावली — विषय कुठलाही असो, आधी सरांना हाणा, मग पुढे चला. ती पोरं आता प्राध्यापक झालीत, त्यांची पोरं हाणतात. भाऊ म्हणतो, ताई, तू लग्न केलं नाहीस खरं, पण तुझ्या घरात ते सर राहतातच की. राहू देत. हा माणूस जिथे जाईल तिथे त्याची चूक त्याच्या आधी पोचली पाहिजे. मला बरं वाटतं त्याने — खोटं कशाला बोलू, झोप छान लागते.

आता तुम्ही सांगा, पुरस्कार कशाबद्दल? — हो, ते कळलं, जगभर त्यांचे संदर्भ दिले जातात, पण कोणत्या पेपराचे? — काविळीच्या? तोच? नाही हो, बघा नीट, दुसरा कुठला तरी असेल… बाकीच्या पेपरांना कोणी विचारतही नाही म्हणता. म्हणजे किती जणांनी संदर्भ दिला एवढंच मोजतात. कौतुक केलं की जोडा हाणला, ते कोणी वाचतच नाही? शिव्याही चालतात?

आणि हे सरांना माहीत आहे? — काय म्हणाले? नाही, त्यांच्याच शब्दांत सांगा. ‘आधी तिच्याकडे जा, माझ्यासाठी तिच्याइतकं कोणीच केलेलं नाही.’ — हसून म्हणाले? हसून.

हा समोरचा पेपर उद्या पाठवायचाय. पहिला संदर्भ — हो, त्यांचाच. ठेवला तर त्यांच्या खात्यात आणखी एक संदर्भ जमा. आणि काढला, तर उद्या कोणीतरी नवा डॉक्टर ते औषध एखाद्या पिवळ्या पडलेल्या बाळाला देत बसेल, आणि त्याला अडवायला… तुमचं पेन द्या जरा. नको, राहू दे.

निघा तुम्ही आता. लेखाचं मी कळवीन — नाही, नाही कळवणार, वाट बघू नका. आणि जाताना तो पडदा ओढून घ्या, ऊन येतंय.