साडेआठचा काळा ठिपका

हवा कोण खराब करतं हे मला विचारूच नका, मी मोजून बसलोय! बंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधल्या आमच्या बिल्डिंगच्या गेटपाशी मी काजळी मोजायचं यंत्र लावलं होतं. ते दर अर्ध्या तासाला पांढऱ्या कागदाच्या नव्या जागेतून हवा ओढतं. जितकी काजळी, तितका कागदावरचा ठिपका काळा. रोज सकाळी साडेआठचा ठिपका काळाकुट्ट. मी थेट वॉचमन बसप्पाअण्णांवर घसरलो, "पाला जाळता ना?"

अण्णा बेळगावकडचे. शांतपणे म्हणाले, "यंत्र आल्यापासून काडी पेटवली नाही, सर. रविवारचा ठिपका बघा की."

बघितला, तर जवळजवळ पांढरा.

"रविवारी इथं काय नसतं, अण्णा?"

"तुमच्या ऑफिसची कॅब, सर. एरवी रोज इंजिन चालू ठेवून तुमचीच वाट बघत असते."