आक्कांनी नळाचं पाणी ओतून दिलं

आदरणीय अध्यक्ष, म्हणजे आमचे मालक, व्यासपीठावरचे पाणीखात्याचे साहेब, हार घालून अवघडून बसलेल्या आमच्या आक्का आणि छापखान्यातल्या सगळ्या मंडळींनो,

मी प्लेट बनवणारी बाई. भाषणाची सवय नाही, पण आज गप्प बसवत नाही!

ऑफसेट म्हणजे काय, हे मला मशीनवरच्या आक्कांनीच शिकवलं. प्लेट अगदी सपाट. अक्षरं तेलकट शाई धरतात, कोरी जागा पाणी धरते आणि शाईला जवळ येऊ देत नाही. मजकूर आधी रबरावर उतरतो, रबरावरून कागदावर. म्हणजे निम्मा खेळ पाण्याचा!

आणि त्या सकाळी पाणीच बिघडलं. साहेब, धापा टाकत आला होतात, आठवतं? गावाच्या टाकीत रसायन मिसळलं होतं. घरोघर पत्रकं जायला हवी होती: ‘नळाचे पाणी पिऊ नका.’ आक्कांनी मशीन सुरू केलं, तर कागद आले राखाडी! ‘नका’वर शाईचा असा डाग, की उरलं काय? ‘नळाचे पाणी पिऊ’! हसताय काय? आमच्या तोंडचं पाणी पळालं होतं!

मालक म्हणाले, “शाई बदला.”

आक्कांनी मशीन थांबवलं. “शाई चांगली आहे हो! तेच नळाचं पाणी मी मशीनला पाजतेय. कोरी जागा शाई अडवणार कशी?”

त्यांनी मशीनमधलं पाणी ओतून दिलं, प्लेट पुसली आणि कँटीनमधलं आदल्या दिवशी भरलेलं पिंप मागवलं.

“आणि आम्ही प्यायचं काय?” बाइंडर ओरडला.

“आज घसा कोरडाच राहू दे!”

पुढचा कागद आला तो लख्ख! आम्ही टाळ्याच वाजवल्या. शाई ओली असतानाच गठ्ठे घेऊन सगळे पळाले, मालकसुद्धा. आक्कांच्या घरी सून बाळंतीण होती, पण त्यांना मशीन सोडता येईना. मी त्यांच्याच गल्लीत आधी धावले. सुनेनं नळाचं पाणी भांड्यात घेतलं होतं, तोंडाला लावायचंच बाकी!

परत येऊन ओरडले, “आक्का, दोघंही सुखरूप!” त्यांनी माझा हात तेवढा घट्ट धरला, आणि दुसऱ्या हाताने कागद सारखे करत राहिल्या.

अध्यक्षांनी बोलू दिलं, तुम्ही ऐकलंत, मनापासून आभार. भरात कुणाला काही लागलं असेल तर पोटात घाला. आता आक्का बोलतील. आज मशीन बंद आहे, त्यांचा आवाज पहिल्यांदाच नीट ऐकू येईल!